पाणी प्यालेली भिंत

वैशाख लागला आणि आबारावाच्या पाठीला फोड आले. पत्र्याच्या घरात त्याला निजवून ठेवायचं म्हणजे तव्यावर भाकरी टाकून विसरून जायचं. डाव्या अंगाला लकवा झाल्यापासून त्याला आपली आपण कूस बदलता येत नव्हती. बनाबाई ओलं फडकं पिळून त्याच्या पाठीवर ठेवायची. फडकं गार लागतंय न लागतंय तोवर कोमट व्हायचं.

एके काळी याच जागी माळवदाचं घर होतं. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर तसाच मातीचा थर. बाहेर उन्हानं पाखरू पडलं तरी आत माठातलं पाणी दाताला लागायचं. त्या भिंती आबारावानंच घातल्या होत्या. ईट गावाच्या आसपास कुणाला मातीची भिंत घालायची झाली की बोलावणं त्यालाच यायचं. पण भूकंपाच्या साली तिकडं किल्लारीच्या बाजूला माणसं माळवदाखाली गाडली गेली, आणि इकडं आबारावानं आपल्याच हातानं माळवद ओढून खाली टाकलं, भिंती उतरवल्या, पत्रे ठोकले. तेव्हापासून जिवाची धास्ती गेली आणि उन्हाळा घरात मुक्कामाला आला. उतरवलेल्या घराची पांढरी माती मात्र परसात ढीग होऊन पडून राहिली. पोरं त्यावर घसरगुंडी खेळून मोठी झाली, कोंबड्यांनी त्यात न्हाणी केली, कुणी ती उचलली नाही.

लेक सुगत सोलापूरच्या अंगाला रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. सुट्टीला आला की दादाच्या, म्हणजे बापाच्या, पाठीला वारा घालत बसायचा. या खेपेला मात्र तो टेम्पोत एक लोखंडी यंत्र घालून आला. लांब दांडा, खाली पेटी. कळंबच्या बायकांच्या गटाकडून मागून आणलेलं.

"हे काय, रसवंती काढतूस व्हय?" बनाबाईनं विचारलं.

"इटा काढायच्यात, आई. मातीच्या. भट्टी न्हाय, जाळ न्हाय. मातीत थोडं शिमिट कालवायचं न् दाबायचं. रस्त्याला आमी मुरमात शिमिट घालून तेच करायलोय की. दादाला एक खोली काढू. गार राहील."

माती लांब शोधायला लागली नाही. परसातला ढीगच चाळला. दहा टोपली मातीला एक टोपलं सिमेंट, वर हातानं शिंपडलेलं पाणी. सुगत मूठ आवळून दाखवायचा. मुठीत लाडू व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. कमरेपासून खाली सोडला की त्याची चार ढेकळं व्हावीत. चिखल झाला तरी गेलं, भुगा झाला तरी गेलं. पेटी भरली की सून रोहिणी दांड्याला लटकायची. तिचे पाय जमिनीवरून सुटायचे आणि दांडा खाली यायचा.

"आत्या, तुमी बी लटका की."

"म्या लटकले तर दांडा न्हाय, म्याच मोडंल."

विटा लिंबाच्या सावलीत मांडून सुगतनं त्यांच्यावर भिजवलेली गोणपाटं अंथरली आणि वर तांब्यानं पाणी सोडलं. दारातल्या बाजेवरून आबाराव हे बघत होता. त्याच्या जिभेवर आता तीनच शब्द उरले होते. व्हय, न्हाय आणि बने. तो मान हलवायला लागला. "न्हाय. न्हाय."

बनाबाईलाही ते पटत नव्हतं. जन्मभर तिनं नवऱ्याच्या हाताखाली माती तुडवली होती. कच्ची वीट उन्हात वाळते आणि पाण्यानं मरते, एवढं तिच्या पायांनाही ठाऊक होतं. "मातीवर पाणी वततूस? आपल्याला प्यायला टँकरची वाट बघायची न् ही इटांस्नी न्हाऊ घालायची."

"आई, शिमिटाचं उलटं असतंय. ते वाळून घट्ट व्हत न्हाय, पिऊन घट्ट व्हतं. आत्ता तीन आठवडे हे गोणपाट सुकू द्यायचं न्हाय. आत्ता पाणी मिळालं तर म्होरं पाण्याला भेणार न्हाय."

आणि ते त्यानं करून दाखवलं. पहिल्या घाण्याचे तीन आठवडे भरल्यावर त्यातली एक वीट रातभर घमेल्यात बुडवून ठेवली. सकाळी काढली आणि तिच्यावर चढून उभा राहिला. गल्लीतली माणसं बघायला आली. वरच्या रानाचा मालक गोरोबा, तोही आला. त्यानं विटेवर बुटाची टाच आपटली.

"सुगत्या, माती विकायचा धंदा काढलास की रं."

"तुमच्या वाड्याच्या मागल्या भिंतीसारखीच हाय, आण्णा. ती बी दादानंच घातलीया. ही निसती जरा शिकलेली."

माणसं हसली. सगळे गेल्यावर सुगत आईला हळूच म्हणाला, "भिजली की निम्मं बळ जातंच हिचं. कोरडी असती तवा हत्ती, भिजली की बैल. पण आपल्या पत्र्याला बैल बास हाय."

मग तो कामावर गेला. दुसरा घाणा सासूसुनेनं मिळून काढला. विटा सावलीत मांडून होतात न होतात तोच रोहिणीला तुळजापूरहून भावाचा फोन आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, घरी दुसरं बाईमाणूस नव्हतं. तिनं हात धुतले, पिशवी भरली.

"आत्या, सांजच्याला गोणपाट टाका न् पाणी मारा. रोज दोनदा. इसरू नगा."

"म्या काय ल्हान हाय?"

सांजेला टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. रस्त्यात बिघडला म्हणे. घरात दीड हंडा पाणी होतं. बनाबाईनं एक तांब्या घेऊन विटांवर हातानं शिंतोडे उडवले. माती फुर्र करून ते पिऊन गेली, मागं डागही उरला नाही. आणि आतून आवाज आला, "बने."

आबारावाच्या पाठीचा एक फोड फुटला होता. चादर चिकटली होती. वास सुटला होता. तिनं लिंबाचा पाला उकळायला टाकला. एक तांब्या, दोन तांबे, मग उरलेला हंडाच ओढत आत नेला. भिजवायला ठेवलेली गोणपाटं पिळून तिनं दारावर टांगली, म्हणजे आत येणारी झळ जरा मरेल. चादर सोडवताना आबाराव विव्हळला, पण पाठीवर पाणी पडलं तेव्हा त्याचे डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी तो खरा झोपला. गोणपाटं दारावरच राहिली. टँकर आल्यावरही राहिली. येईल ते पाणी त्यांच्यावर आणि त्याच्यावर जात होतं.

विटांकडं तिनं अगदीच पाहिलं नाही असं नव्हतं. दोन-तीन दिवसांनी जाऊन तिनं एका विटेवर बोटाचं पेर वाजवलं. टण्ण. भट्टीतल्या विटेसारखी वाजली. रंगही उजळ, पांढुरका आला होता. आणखी किती घट्ट व्हायचं हिनं, असं मनाशी म्हणून ती चुलीकडं वळली.

रोहिणी आली तेव्हा बनाबाई चूल फुंकत होती.

"पाणी पडलं न्हवं इटांवर?"

"पडलं की," ती म्हणाली. धूर डोळ्यांत गेला होता, तिनं मान वळवली नाही.

गवंडी मल्लेश भिंत घालायला आला आणि त्यानं दोन ढीग बघितले. पहिल्या ढिगातल्या विटा ओल्या असतानाच गोणपाटाखाली होत्या, त्यांच्या अंगावर तागाची वीण उठली होती. दुसऱ्या ढिगातल्या गुळगुळीत. "ह्या बगा, साबणाच्या वडीवानी," तो खूश होऊन म्हणाला, आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या मावळतीच्या भिंतीला दगडी पायावर त्यानं त्याच लावायला घेतल्या. प्लास्टर करायचं नव्हतं, तेव्हा चेहरा चांगला दिसायला हवा.

बनाबाई मातीचा गारा कालवत होती. ती थांबली. "मल्लेश, खाली त्या विणीच्या लाव की."

"का वो मावशी?"

"आपलं असंच."

"असंच म्हणून भिंत चढत न्हाय," मल्लेश हसला. रोहिणीनंही तिच्याकडं बघितलं. बनाबाई पुन्हा फावड्याला लागली. कमरेएवढी भिंत गुळगुळीत विटांची झाली, वरची विणीच्या विटांची.

खोली खरोखर गार होती. आबारावाची बाज त्याच मावळतीच्या भिंतीला, खिडकीखाली लावली. पाठीच्या जखमा भरल्या, खपल्या पडल्या. तो उजवा हात भिंतीवर ठेवून पडून राही. आपल्याच हातांनी उभी केलेली, आपल्याच हातांनी पाडलेली माती पुन्हा उभी राहिलेली त्याला ओळखू येत होती की काय कोण जाणे. बनाबाई झाडताना भिंतीच्या पायाशी आली की केरसुणी जरा जपून फिरवायची.

मृग, आर्द्रा बेताचे गेले. भादव्यात मात्र पाऊस असा लागला, की दिवस उगवला-मावळला हे कोंबड्यावरूनच कळायचं. ओढा गावात आला. चुलीला सरपण पेटेना. उभ्या सोयाबीनला शेंगेतच मोड यायला लागले. आबारावाला खोकला झाला. छातीत घरघर वाजायची. आणि एका सकाळी बनाबाई दारात आली तर मावळतीच्या भिंतीला लागून लाल पाणी वाहत होतं. वरच्या रानातून. गोरोबानं आपलं सोयाबीन वाचवायला बांध फोडला होता. दगडी पाया दोनच थर होता. आजवर इकडं पाणी कधी आलं नव्हतं, म्हणून तेवढाच घेतला होता. पाणी त्या दगडांच्या वर, विटांना लागलं होतं.

ती गुडघाभर पाण्यात उतरली, वाकली, आणि खालच्या विटेवर अंगठ्याचं नख दाबलं. नख गुळात जावं तसं आत गेलं. तिनं कोपऱ्यावर, जिथं मल्लेशनं हाताला लागली म्हणून एक विणीची वीट बसवली होती तिथं, तिच्यावर नख दाबलं. तीही त्याच पाण्यात होती. नख सटकलं.

"रोहिणी, ह्यास्नी पत्र्यात न्यायचं."

रोहिणीनं जुन्या पत्र्याच्या घराकडं बोट केलं. "तिकडं घोटाभर पाणी साचलंय, आत्या. वरून गळायलंय. मामांची छाती ऐका जरा. भिजले तर न्हायत राहायचे."

"भिंत फुगायलीय."

"ह्यांचा कालच फोन आलता. पूल पाण्याखाली हाय, येता यायना. म्हणले, भिंतीचं भ्या नगं, इटा पाण्यातल्याच हायत. तुमच्या म्होरं घमेल्यात घालून दावलं न्हवं का?"

बनाबाईनं लुगडं वर खोचलं. ती परसात गेली. उरलेल्या विटा प्लास्टिकखाली होत्या. तिनं एक विणीची काढली, एक गुळगुळीत. दोन्ही आणून वळचणीखालच्या घमेल्यात घातल्या आणि वर पाणी ओतलं. गुळगुळीत विटेतून लगेच बुडबुडे सुटले.

"ह्याच्याकडं बगत ऱ्हा," ती म्हणाली. "म्या गोरोबाकडं जाऊन येते."

डोक्यावर खताची रिकामी गोणी घेऊन ती बांधाच्या कडेनं वर गेली. चिखल पाय सोडत नव्हता. गोरोबा शेडात बसला होता, समोर भिजलेलं सोयाबीन हातात चोळून बघत होता.

"आण्णा, पाणी आमच्या भिंतीवर आलंय."

"मंग? म्या काय आभाळाला सांगून आणलंय व्हय?"

"बांध फोडलाय तुमी. घटकाभर दुसरीकडं वळवा. ह्यांची बाज तितंच हाय."

"दुसरीकडं म्हंजी कुठं? पाटलाच्या विहिरीत?" तो तिच्याहून लहान होता, पण त्याच्या बापानंही तिला अगं-तुगंच केलं होतं. "बनाबाई, तू आपली घरी जा. एवढी माझी अख्खी सुगी हाय. अन् तुझा लेकच म्हणला हुता की, इटा पाण्याला भेत न्हायत. म्या सोता टाच मारून बगितलीया."

"ती टाच दुसऱ्या इटेवर मारलीत तुमी," बनाबाई म्हणाली. मागं न बघता ती उतरायला लागली. पाय घसरला, ती बसली, उठली, पुन्हा चालायला लागली.

रोहिणी घमेल्यापाशीच होती, उकिडवी. गुळगुळीत विटेचे कोपरे गळून घमेल्याचं पाणी दुधाळ झालं होतं. रोहिणीनं दोन बोटांनी वीट दाबली. बोटं आत गेली. दुसरी उचलून तिनं दगडावर आपटली. एक कोपरा उडाला, वीट तशीच राहिली.

"ही कवाची?"

"तू आईकडं गेलतीस तवाची."

रोहिणीनं दाराकडं बघितलं. उन्हाळ्यात टांगलेलं गोणपाट अजून तिथंच होतं, पावसाचे सपकारे अडवायला आता उपयोगी पडत होतं. मग तिनं सासूच्या चिखलानं भरलेल्या लुगड्याकडं बघितलं.

"मामांना उचला," ती म्हणाली.

बाज दोघींना उचलेना. उशाकडून रोहिणीनं धरली, पायथ्याकडून बनाबाईनं. वीतभर उचलली आणि खाली आपटली. आबाराव खोकायला लागला. भिंतीच्या पायथ्याशी, आतल्या बाजूला, सारवलेल्या जमिनीवर ओल चढत होती. त्या ओलीच्या कडेला एक बारीक चीर उघडली होती. मघाशी ती नव्हती.

"अंगावर घ्या, बाज ऱ्हाऊ द्या," रोहिणी म्हणाली.

"पाठ फाटंल त्यांची."

दार अंधारलं. गोरोबा होता, खांद्यावर फावडं. तो तिच्या मागोमागच उतरला असावा. बाहेरून भिंत बघून आला होता, तोंडावरून पाणी निथळत होतं. त्यानं फावडं दारातच टाकलं, बूट न काढता आत आला आणि रोहिणीला बाजूला सारून बाजेचं उसं धरलं.

"उचला."

बाज उठली. दारात आडवी बसेना, तिरकी करावी लागली. तिरकी केली तसा आबाराव घसरला आणि त्यानं उजव्या हातानं चौकट धरली. "न्हाय. न्हाय." त्या एकाच हातात सगळ्या अंगाचं बळ गोळा झालं होतं. भिंती उचललेला हात. गोरोबाची मान ताठली. "सोडव त्याला, बाई, लवकर." बनाबाईनं एकेक बोट सोडवलं. करंगळी, मग पुढचं. अंगठा सुटेना. ती त्याच्या कानाशी वाकली.

"इटांचं पाणी तुमच्या अंगावर वतलं म्या. भिंत कच्ची हाय. सोडा आता."

त्यानं तिच्याकडं बघितलं. अंगठा सुटला.

वर प्लास्टिक धरून, पावसातून, तिघांनी बाज पत्र्यात नेली आणि विटांचे दोन थर मांडून त्यांवर टेकवली. बनाबाई त्याचं डोकं पुसत असताना ते झालं. मोठा आवाज झालाच नाही. थकलेलं जनावर पुढचे गुडघे मोडून बसावं तशी मावळतीची भिंत आधी बसली, मग आत कलंडली. पत्र्यांनी एकदा करकरून मान टाकली. बाज होती तिथं मातीचा ढीग झाला आणि त्या ढिगावर पाऊस पडायला लागला.

गोरोबानं बाहेर जाऊन फावडं उचललं.

"आता कशाला, आण्णा?" रोहिणी म्हणाली.

"बाकीच्या तीन हायत न्हवं का," तो म्हणाला आणि बांधाकडं चढायला लागला. दुपारनंतर दारातलं पाणी ओसरलं.

सुगतचा फोन रोहिणीनंच घेतला. "पाणी लई आलं. मावळतीची बसली. मामा बरे हायत. व्हय, आत्या बी." एवढंच. बनाबाई चुलीपाशी होती. तिनं फोन मागितला नाही आणि रोहिणीनं दिला नाही.

पूल मोकळा झाल्यावर तो आला. ढिगातून रोहिणीनं विणीच्या विटा वेगळ्या काढून रचल्या होत्या, बऱ्याचशा शाबूत. बाकीचा नुसता चिखल. सुगतनं एक वीट हातात घेऊन उलटीपालटी केली, चिखलात चप्पल दाबून बघितली, दारावरच्या गोणपाटाकडं बघितलं.

"पाया चार थर वर घेऊ," तो म्हणाला. "न् त्या अंगाला चर काढू."

दसरा झाला, उन्हं पडली. विहिरी काठोकाठ होत्या, पोहरा हातानं बुडायचा. चिखल वाळवला, फोडला, चाळला. तीच माती तिसऱ्यांदा भिंत व्हायला पेटीत गेली. या वेळी दांड्याला बनाबाईही लटकली आणि दांडाही मोडला नाही, तीही मोडली नाही.

लिंबाखाली विटा मांडून झाल्या. दारावरचं गोणपाट बनाबाईनं स्वतः सोडवून आणलं आणि त्यांच्यावर अंथरलं. मग ती आबारावाच्या आंघोळीचं पाणी घेऊन बाजेकडं गेली. त्याला उन्हात बसतं केलं होतं, पाठीला उशी. तिनं तांब्या भरून त्याच्या खांद्यावर धरला.

आबारावानं उजव्या हातानं तांब्या अडवला. ढकलला. पाणी हिंदकळून तिच्या हातावर आलं. त्यानं हात लिंबाखालच्या गोणपाटाकडं केला.

"बने."

"पाणी लई हाय यंदा," ती म्हणाली. "दोघांस्नी पुरंल."

हात खाली आला नाही.

बनाबाई उठली. लिंबाखाली गेली आणि तो तांब्या तिनं गोणपाटावर ओतला, धार इकडून तिकडं फिरवत, कडा सुटू न देता. गोणपाट काळंभोर झालं. तिनं तळहात ठेवून बघितलं. मग दुसरा तांब्या भरायला ती बाजेकडं वळली.